घाटात मऊ पडणारा ब्रेक आणि पुन्हा पुन्हा जाणारं किट: जुन्या गाडीत ब्रेक ऑइल कोणतं घालायचं?

पन्हाळ्यावरून वाघबीळकडं उतरताना, आंबा घाटातून साखरप्याला जाताना, नाहीतर गगनबावडा सोडून करूळ घाटात शिरल्यावर जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मध्येच मऊ पडतं. दोन-तीनदा पंप मारला की थोडं वर येतं, पुढच्या वळणाला पुन्हा खाली. घाट संपतो, चहाला गाडी थांबते, आणि निघताना पेडल पहिल्यासारखं कडक. दुसऱ्या दिवशी गॅरेजला दाखवली की मिस्त्री पेडल दाबून बघतात आणि म्हणतात, "काय न्हाई मालक, ब्रेक बरोबर बसतोय की." फार तर एकदा हवा काढून देतात. पुढच्या घाटाला पुन्हा तोच प्रकार.

मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पद्मिनी, अँबेसिडर किंवा महिंद्राची जुनी जीप सांभाळणाऱ्यांकडून ही तक्रार कायम ऐकू येते. तिच्या जोडीला आणखी दोन असतात. व्हील सिलिंडरचं (चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं) किट, म्हणजे आतल्या रबरी कपांचा संच, बदललं तरी काही महिन्यांत चाकाच्या आतून पुन्हा ऑइल पाझरतं. आणि ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं, ड्रमला हात लावता येत नाही इतका तो तापतो. तक्रारी तीन, पण बहुतेक वेळा तिन्हींचा माग मास्टर सिलिंडरवरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडं ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरवरच्या) ऑइलच्या त्या छोट्या डब्यातच लागतो.

दुकानात "चांगलं ब्रेक ऑइल द्या" म्हटलं की सर्वांत मोठ्या आकड्याचा डबा पुढं येतो. जुन्या गाडीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तिला तिच्या रबराला चालणारं ऑइल लागतं आणि ते ताजं लागतं. माझं म्हणणं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

पेडल काय सांगतंय ते आधी बघा

गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करा. बूस्टर (इंजिनच्या ओढीवर चालून पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) असेल तर पेडल चार-पाच वेळा दाबून त्यातला व्हॅक्युम संपवा. मग पेडल हळू दाबा आणि धरून ठेवा.

पहिल्या दाबाला पेडल खूप खाली जातंय, पण लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन कडक होतंय, तर ड्रममधले शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे भाग, सैल आहेत. त्यांचं अॅडजस्टमेंट करून घ्या. चारी चाकांना ड्रम असलेल्या अँबेसिडर आणि जीपमध्ये हे फार वेळा निघतं, आणि त्यासाठी लोक उगाच मास्टर सिलिंडर बदलत बसतात. पेडल प्रत्येक दाबाला स्पंजसारखं दबतंय, तर लाइनमध्ये हवा आहे. धरून ठेवल्यावर सावकाश जमिनीकडं जातंय, तर कुठंतरी गळती आहे. चारी चाकांच्या आतल्या बाजूला, होस पाइपवर आणि जोडांवर ओल बघा. सगळीकडं कोरडं असेल तर मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत ऑइल मागं सोडतोय. डब्यातलं ऑइल कमी होतंय पण थेंब कुठंच दिसत नाही, असंही होतं. तेव्हा मास्टर सिलिंडर सोडवून त्याच्या मागची बाजू बघा. तिथून ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

आता घाटातलं. तिथं एकच गोष्ट नीट लक्षात ठेवायची: त्या क्षणी पेडल कडक होतं की मऊ? पेडल पायाला दगडासारखं लागतंय, जळका वास येतोय आणि तरी गाडी थांबत नाही, तर लायनर किंवा पॅड (ड्रमवर, डिस्कवर घासणारे थर) तापून त्यांची पकड गेली आहे. तिथं ब्रेक ऑइलचा दोष नाही. पेडल मऊ पडलं, खाली गेलं, आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप परत आलं, तर ऑइल उकळतंय. गॅरेजमध्ये गेल्यावर काही सापडत नाही ते यामुळंच. तोवर वाफेचं पुन्हा पाणी झालेलं असतं, शोधायला काही उरलेलं नसतं.

घाटात असं झालंच तर पाय काढून पुन्हा भराभर पंप मारा, गिअर खालचा टाका आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. तो वायरवर चालतो, ऑइलवर नाही. गाडी डोंगराच्या बाजूनं ठेवा. थांबल्यावर चाकांवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम किंवा डिस्क तडकते. अर्धा तास गाडी तशीच उभी ठेवा.

ऑइल उकळतं कसं

ब्रेक ऑइल म्हणजे इंजिन ऑइलसारखं खनिज तेल नव्हे. त्याचे दर्जे डॉट या अमेरिकी मानकाच्या आकड्यांनी ओळखतात; डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल जातीची आहेत. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसा हा द्रव हवेतला ओलावा ओढतो. टोपणाच्या छिद्रातून, रबरी होसच्या अंगातून, दर वेळी टोपण उघडल्यावर, असा तो थोडा थोडा आत येत राहतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको, आणि गगनबावडा-राधानगरीकडं गाडी असेल तर विचारूच नका.

पाणी मिसळलं की उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. लांब उतारावर ब्रेक लावत आलं की डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि ती उष्णता पॅड, पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. ऑइल जुनं, पाणी भरलेलं असेल तर चाकाजवळ त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

आता आकडे पुन्हा बघा. चार-पाच वर्षं न बदललेल्या, पाणी मुरलेल्या डॉट ५.१ पेक्षा नुकतंच सीलबंद डब्यातून घातलेलं डॉट ३ जास्त तापमान सोसतं. महागडा डबा एकदा घालून विसरून गेलात तर पैसे वाया गेले. साधा डबा वेळेवर बदललात तर घाट निर्धास्त.

मग घालायचं कोणतं?

गाडीतल्या ऑइलच्या डब्याच्या टोपणावर किंवा मॅन्युअलमध्ये डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. जुन्या बऱ्याच गाड्यांना मुळात डॉट ३ सांगितलेलं आहे. तिथं डॉट ४ खुशाल चालतं, दोन्हींची जात एकच आहे, आणि कोकणात जा-ये असेल तर मी डॉट ४ च घालायला सांगतो. उलट मात्र करू नका. ज्या गाडीला डॉट ४ सांगितलंय तिला डॉट ३ घालायचं नाही. दोन्ही मिसळली तर बिघडत काही नाही, पण मिश्रण डॉट ४ च्या ताकदीचं राहत नाही. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकललाही हाच हिशेब, तिच्या टोपणावर बहुधा डॉट ४ असतं.

डॉट ५.१ जुन्या गाडीला अपाय करत नाही, पण त्याचा खरा फायदा थंड हवेत पातळ राहण्यात आहे, आणि तो एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांना होतो. उणे ४० अंशांवरचा पातळपणा कोल्हापुरात काय कामाचा? त्या पैशात डॉट ४ चे दोन डबे येतील, दोन वर्षं बदली होईल.

डॉट ५ ही मात्र वेगळीच वस्तू आहे आणि इथं घोटाळा होतो. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, बहुधा जांभळ्या रंगाचं. नाव ५.१ च्या शेजारचं, पण ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत. ते पाणी ओढत नाही, रंगाला खात नाही, म्हणून जुन्या गाड्या हौसेनं उभ्या ठेवणाऱ्यांना कोणीतरी ते सुचवतं. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नाही. ते सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाच्या सिलिंडरमध्ये साठतं, तिथं गंज धरतं, आणि शंभर अंशांच्या आसपासच उकळतं. शिवाय सिलिकॉनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, पेडल कधी नीट कडक होत नाही. वर्षानुवर्षं ग्लायकॉलवर चाललेल्या गाडीत डॉट ५ ओतू नका. रोज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाडीला त्याची गरज नाही.

डबा घेताना सील बघा, डॉटचा आकडा बघा, भारतीय मानक आयएस ८६५४ चा उल्लेख बघा. लहानच डबा घ्या. कोपऱ्यात उघडा पडलेल्या मोठ्या कॅनमधून मापानं ओतून देत असतील तर घेऊ नका, कंपनी कितीही चांगली असो. ते ऑइल तुमच्या गाडीत यायच्या आधीच पाणी पिऊन बसलेलं असतं. रंगावरून मात्र काही ठरवू नका. नवं ऑइल पाण्यासारखं असेल किंवा फिकट पिवळं असेल, त्यावरून त्याचा दर्जा कळत नाही.

किट पुन्हा पुन्हा का जातं

याचं उत्तर मिळालं की जुन्या गाडीचा निम्मा खर्च वाचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रेकमधली रबरं, म्हणजे मास्टर सिलिंडरचे कप, व्हील सिलिंडरचे कप, धुळीचे बूट आणि होस, ही ईपीडीएम किंवा एसबीआर या रबरांची असतात. ग्लायकॉलमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात. पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही लागलं की ती फुगतात, मऊ पडतात आणि चुरगळतात. थोडंसं लागलं तरी पुरतं.

आता आपल्याकडं काम कसं होतं ते आठवा. व्हील सिलिंडर खोललं की रॉकेलच्या डब्यात बुडवून ब्रशनं घासतात, वाऱ्यानं फुंकतात, बोटानं साधं ग्रीस लावतात आणि नवा कप बसवतात. काम स्वच्छ दिसतं. पण खाचांत राहिलेलं रॉकेल आणि ते ग्रीस त्या नव्या कपाला पहिल्या दिवसापासून खायला लागतं. किट नकली निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, आणि पुढचं किट त्याच पद्धतीनं बसतं. ब्रेकचे भाग ताज्या ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं (अल्कोहोलच्या, पेट्रोलियमच्या नव्हे) धुवायचे. कप बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं, नाहीतर ब्रेकसाठीचं खास रबर ग्रीस. आपल्या मिस्त्रींना हे आधी बोलून ठेवा. अपमान होईल असं समजू नका. चांगला मिस्त्री ऐकतो.

दुसरं कारण खास कोल्हापूरचं आहे. शिवाजी उद्यमनगरच्या औद्योगिक वसाहतीत मिळणार नाही असा भाग नाही, आणि नसेल तर करून देणारे हात आहेत. त्याचा अभिमान आहेच. पण जुन्या जीपचा कप मिळत नाही म्हणून हायड्रॉलिक प्रेसच्या सीलमधून त्याच मापाचा एखादा कप किंवा ओ-रिंग निवडून बसवली जाते. प्रेसची सीलं बहुधा नायट्राइल रबराची असतात. खनिज तेलात ती उत्तम टिकतात, ग्लायकॉलमध्ये फुगतात. ब्रेकच्या रबराचं नेमकं उलट. माप तंतोतंत जुळलं तरी जात जुळत नाही. कप घडवून घ्यायचाच असेल तर ईपीडीएम मागा आणि "ब्रेक ऑइलमध्ये चालणार आहे" असं स्पष्ट सांगा.

तिसरं कारण सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर असतं. पाणी मुरलेल्या ऑइलमुळं बोअरला गंजाचे खड्डे पडतात. पॉलिश पेपर मारून वरचा गंज जातो, खड्डा राहतो. बोअर पुसून त्यावर नख फिरवा. नख अडलं तर तिथं नवा कप टिकणार नाही, खड्ड्याची कड त्याला कापत राहील. नवं सिलिंडर मिळत असेल तर घ्या. पद्मिनी किंवा जुन्या जीपचं मिळेनासं झालं असेल तर मूळ सिलिंडरला पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसणारी नळी) मारून घेता येते, आणि इथं उद्यमनगर खरंच कामाला येतं. स्लीव्ह बसवणाऱ्याला मूळ व्यासच ठेवायला सांगा, आणि ऑइल येण्याचं व हवा काढण्याचं छिद्र बरोबर उघडं राहिलंय हे घरी आणण्याआधी तपासा.

ओळखीतल्या एका शेतकरी कुटुंबाच्या जीपचं असंच चाललं होतं. चारी चाकं आळीपाळीनं गळायची. मिस्त्रींनी वैतागून मास्टर सिलिंडर उघडला तेव्हा टोपणातली रबरी चकती इतकी फुगली होती की परत टोपणात बसेना. त्यांनी आतला कप काढून नव्याशेजारी तळहातावर ठेवला. एकाच नंबरचे दोन कप, पण जुना चांगला जाड झालेला, कडा बाहेर वळलेल्या, बोटानं दाबला तर ओल्या खोडरबरासारखा.

"मालक, यात काय वतलं हुतं?"

मालकांनाही माहीत नव्हतं. मग पोरानं सांगितलं, उसाच्या हंगामात घाईत ऑइल कमी दिसलं म्हणून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं थोडं घातलं होतं.

तुमच्या डब्यात असं काही गेलंय का ते घरी तपासता येतं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि डब्यातल्या ऑइलचे काही थेंब टाकून ढवळा. ग्लायकॉल पाण्यात पूर्ण मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर त्यात खनिज तेल किंवा सिलिकॉन आहे. तवंग दिसला की नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टरचं किट, चारी चाकांची किटं, सगळे होस आणि टोपणाची चकती, म्हणजे ऑइलला लागलेलं प्रत्येक रबर टाकून द्यायचं आणि लोखंडी पाइप स्पिरिटनं धुऊन वाऱ्यानं कोरडे करायचे. क्लच ब्रेक ऑइलवर चालत असेल आणि डबा एकच असेल तर क्लचचे दोन्ही सिलिंडरही यात आले. खर्च मोठा वाटतो, पण एकेक चाक करत गेलात तर तो संपतच नाही, कारण उरलेल्या पाइपातलं तेल नव्या रबरापर्यंत पुन्हा पोचतं. त्या जीपचं शेवटी सगळं एकदम केलं, तेव्हाच गळती थांबली.

फार जुन्या, वर्षानुवर्षं वाड्यात किंवा गोठ्यात उभ्या असलेल्या गाड्यांची रबरं नैसर्गिक रबराचीही असू शकतात आणि आजचं ऑइल त्यांना मानवत नाही. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर काढताना कोणतं ऑइल यावर डोकं खाजवण्यापेक्षा आधी सगळी रबरं आजच्या किटनं बदला. मग डॉट ४ घालायला अडचण नाही.

चाक धरून राहतंय

चाक जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. फिरत नसेल तर त्या चाकाचं ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) थोडं सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहिलाय. मोकळं झालं नाही तर दोष शूच्या स्प्रिंगमध्ये, अडकलेल्या पिस्टनमध्ये किंवा हँडब्रेकच्या वायरमध्ये आहे.

दाब अडकलाय असं दिसलं तर पुन्हा ब्रेक दाबा आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइप सैल करा. तिथं मोकळं होत असेल तर मास्टरमधलं बारीक परतीचं छिद्र बुजलंय किंवा फुगलेल्या कपानं झाकलंय. पेडलला जराही मोकळी चाल ठेवलेली नसली तरी असंच होतं, म्हणून आधी ती बघा, फुकट काम आहे. मास्टरजवळ सोडून चाक मोकळं झालं नाही, पण निपलला मोकळं झालं, तर मधला रबरी होस आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो. जुन्या गाडीचे होस किती वर्षांपूर्वी बदलले हे कोणालाच आठवत नसेल तर बदलूनच टाका.

पुरात उभी राहिलेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. लोकांनी इंजिन उघडलं, वायरिंग वाळवलं, सीट बदलल्या. ब्रेककडं फार थोड्यांनी पाहिलं, कारण पेडल बसत होतं. पण डब्याच्या टोपणाला हवा जायला छिद्र असतं, आणि ड्रमच्या आत गाळ बसून धुळीचे बूट निकामी होतात. जुन्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये तर मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खाली चासीला असतो, त्याला बुडायला पूर लागत नाही, ओढ्यातून दोनदा गाडी घातली तरी पुरतं. गाडीत पाणी डब्याच्या उंचीपर्यंत गेलं असेल तर ब्रेक ऑइल पूर्ण काढून, नव्यानं धुऊन, मग भरायचं. ड्रम चारही उघडायचे. सेकंडहँड घेताना गाडी पुरातली आहे असा संशय आला तर किंमत ठरवताना हा खर्च धरा.

बदलताना

डब्यात भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. सगळ्यांत खराब ऑइल चाकांजवळ असतं, वरून कितीही ताजं ओतलं तरी ते तिथून हलत नाही. आधी डब्यातलं जुनं सिरिंजनं ओढून काढा, आतला गाळ पुसा, नवं भरा. मग बहुतेक गाड्यांत मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एक माणूस पेडलवर, एक चाकापाशी. "दाब… धर…" निपल उघडायचं, बंद करायचं, मग "सोड". नळीत तपकिरी जाऊन स्वच्छ येईपर्यंत हेच. मध्ये डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर हवा शिरून काम पहिल्यापासून. अर्ध्या लिटरमध्ये लहान गाडीचं भागतं, फार घाण असेल तर एक लिटर हाताशी ठेवा.

एक काळजी हमखास विसरली जाते. रोज पेडल अर्ध्यापर्यंतच जातं, त्यामुळं मास्टर सिलिंडरच्या बोअरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथं गंज आणि गाळ असतो. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबलं की कप त्या खरबरीत भागावरून जातो आणि फाटतो. हवा काढून आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मास्टर गेला, अशी तक्रार येते ती इथून. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही.

ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. निघालेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही. उरलेला उघडा डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचा नाही. आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. ते विषारी आहे, फिकट रंगामुळं सरबत वाटतं, घरात लहान मुलं असतात. गटारात ओतण्याऐवजी गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाशेजारी वेगळ्या डब्यात द्या.

किती दिवसांनी

कंपन्या साधारण दोन वर्षं सांगतात. कोल्हापुरातच फिरणाऱ्या गाडीला ते ठीक आहे. महिन्याला आंबा, फोंडा किंवा करूळ घाट उतरणारी गाडी असेल तर दर वर्षी बदला, आणि त्यासाठी दसऱ्याच्या आधीचा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. पावसाळ्याचा ओलावा आत यायचा तेवढा येऊन गेलेला असतो, दिवाळीच्या सुट्टीतली कोकणची फेरी पुढं असते, आणि खंडेनवमीला गाडी धुऊन पुजायची म्हणून ती घरी उभी असतेच. पेनसारखं ओलावा मोजायचं मीटर हल्ली स्वस्त मिळतं. डब्यात बुडवून दिवा लाल लागला तर बदला, पण हिरवा लागला म्हणून चार वर्षं काढू नका. ते डब्यातलं मोजतं, चाकाजवळचं नाही.

चांगल्या ऑइलनं गाडी चुकीच्या पद्धतीनं उतरवायची मुभा मिळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, पाय ब्रेकवर ठेवून गाडी ओढत नेऊ नका, थोडा वेळ दाबा आणि पूर्ण सोडा.

काम झालं की तारीख आणि "डॉट ४" एवढं एका कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटपट्टीनं लावून ठेवा. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा मिस्त्री दुसरा असेल, कदाचित गाडीचा मालकही दुसरा असेल, त्याला काय घालायचं ते तिथंच कळेल.